समुद्राच्या शिवेवरचा देव

आमच्या घरातलं माणूस परमुलखाला निघालं की गावच्या शिवेवर थांबतं. पूर्वी पायी जाताना थांबायचं, मग एसटीला हात करायच्या आधी थांबायचं, आता चारचाकी कडेला घेऊन थांबतं, एवढाच फरक. शिवेवर लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे. घरातली थोरली बाई त्या दगडावर चिमूटभर भंडारा टाकते, चिमूटभर निघालेल्याच्या कपाळाला लावते, आणि ज्या मुलखात जायचं तिथल्या देवाचं नाव घेऊन सांगते, "आमचं लेकरू तुझ्या शिवेत येतंय. ध्यान ठिव." नाव घेतल्याशिवाय हे चालत नाही. नुसतं 'तिथल्या देवा' म्हणणं म्हणजे पाकिटावर पत्ता न घालता टपालात टाकणं.

ही चाल आमच्या आजोबांच्या मेंढरांमागून आली. फलटणच्या आमच्या भागात तेव्हा पाटाचं पाणी सगळीकडं पोचलं नव्हतं. दिवाळी झाली की आजोबा कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. वाटेत प्रत्येक गावाच्या शिवेवर कळप थांबायचा. जो कोणी पहिला माणूस दिसेल त्याला आजोबा विचारायचे, "पाव्हणं, हितला देव कंचा?" नाव कळलं की भंडारा टाकायचा, आणि मगच पहिलं मेंढरू पुढं. रान माणसाचं असतं, पण शीव देवाची असते, असा त्यांचा हिशेब.

पुढं मेंढरं गेली, पाट आला, ऊस आला. चाल मात्र राहिली. माझा थोरला भाऊ सैन्यात होता. त्याची बदली झाली की आमची आई, आणि आईच्या माघारी वहिनी, आधी तिथला देव विचारून घ्यायची. एकदा त्याला पूर्वेकडच्या कुठल्याशा डोंगरात टाकलं. वहिनीनं त्याच्याच पलटणीतल्या एका सुभेदाराला फोन लावला आणि तिथल्या देवीचं नाव काढून घेतलं. ते नाव इतकं अवघड होतं की भाकरी थापता थापता तिनं ते पाठ केलं. थोरला सुखरूप परत आला. त्याचं श्रेय सरकारला किती आणि त्या देवीला किती, यावर आमच्या घरात चर्चा होत नाही, कारण वहिनीपुढं चर्चा कोण करणार.

तर अशा घरातली मुलगी समुद्रावर निघाली.

थोरल्याची धाकटी लेक. मालवाहू जहाजावर अधिकारी व्हायचं शिक्षण तिनं घेतलं तेव्हा भावकीला वाटलं, पोरगी सैन्यातच चालली आहे, फक्त जरा ओल्या बाजूला. शिक्षण संपलं, शिकाऊ म्हणून नेमणूक झाली आणि फोन आला की ग्रीसमधल्या बंदरावर जाऊन जहाज धरायचं. मुंबईपासून विमान. घरात आनंद झाला. थोरल्यानं बाहेर जाऊन उगाच ट्रॅक्टर पुसला. वहिनीनं शेवग्याच्या शेंगा निवडता निवडता एवढंच विचारलं, "तिथल्या समुद्राचा देव कंचा?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

याला कारण मीच. माझं फलटणमध्ये खत-औषधांचं दुकान आहे. पण घरातलं माझं खरं पद वेगळं. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाच्या तरी म्हशीला रेडकू झालेलं असो, गोष्ट सांगायला मी असतो. कुणी बोलावलं नाही तरी असतो. लहान पोरं माझ्या गोष्टी ऐकून मोठी झाली आणि मोठी झाल्यावर मला बघितलं की त्यांना अचानक अभ्यास आठवायला लागला. ग्रीक देवांबद्दल मी कधीकाळी वाचलं होतं. किती, ते विचारू नका. पण "बघून सांगतो" हे शब्द माझ्या तोंडाला ठाऊकच नाहीत.

"पोसायडन," मी म्हणालो. "रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणतात."

"उद्या दूध काढून झाल्यावर नीट सांगा," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चहा झाला. थोरला खाटेवर, वहिनी पायरीवर, पुतणी तिच्या बॅगेची चेन उघडझाप करत बसलेली. मी घसा साफ केला.

सुरुवात तर अशी झाली की मला वाटलं, आजच भंडारा लागतोय. पोसायडनच्या हातात त्रिशूळ असतो म्हटल्यावर वहिनीचा चेहरा उजळला. तो घोड्यांचाही देव, त्याच्या रथाचे घोडे लाटांवरून धावतात म्हटल्यावर तिनं खंडोबाच्या दिशेनं हात जोडले. "त्रिशूळ हाय, घोडा हाय. आपल्यातलाच दिसतोय."

"भूकंपसुद्धा तोच करतो," मी म्हणालो. "त्रिशूळ आपटला की धरणी हलते."

पाटणला दिलेल्या आमच्या बहिणीच्या घरी फळीवरची भांडी अधूनमधून आपोआप वाजतात. वहिनी थोरल्याला म्हणाली, "वन्संना सांगा, कोण वाजवतंय ते कळलं."

इथं थांबायचं होतं. पण गोष्टीनं वेग धरला की मला उतार दिसतो, बांध दिसत नाही. मी म्हणालो, एकदा एका राजानं याच्या पोराचा डोळा फोडला. मग या देवानं असा डूख धरला की तो राजा लढाईहून घरी निघालेला, त्याला वर्षानुवर्षं समुद्रात फिरवला. जहाजं फोडली. सोबती बुडवले. शेवटी एकट्या माणसाच्या तराफ्यावर असली लाट घातली की…

वहिनी उठली. कपबशा गोळा केल्या.

"पुढचं राहिलंय, वहिनी."

"ऱ्हाऊ द्या. असल्या डूख धरणाऱ्याच्या शिवेत मी पोरगी घालू व्हय? भावजी, तुमी युरिया इकता त्येच बरं हाय."

ती आत गेली. पुतणी म्हणाली, "काका, त्रिशूळ आणि घोडा एवढ्यावर आईचं झालं होतं."

थोरला म्हणाला, "तुझं तोंड म्हंजे फुटका पाट हाय. कुणाच्या रानात शिरंल सांगता येत न्हाई."

त्या दिवसापासून वहिनी जहाजाचं नाव काढेना. भांडली नाही, रडली नाही. लेकीला आवडणाऱ्या चटण्या केल्या, पण बॅगेत भरल्या नाहीत. डबे फळीवर तसेच ठेवले. पुतणी माझ्या दुकानात आली आणि खताच्या पोत्यावर बसून म्हणाली, "तारीख चुकली तर दुसऱ्याला घेतील. मग परत कधी बोलावतील, देव जाणे."

"कुठला देव ते सांग, मी वहिनीला कळवतो."

ती हसली नाही. "मी भंडारा न लावताही जाऊ शकते. विमान काय शिवेवर थांबत नाही. पण बाबा कधी तसे गेले नाहीत. मी तशी गेले, तर मी परत येईपर्यंत आई नीट जेवणार नाही. ते डोक्यात घेऊन मी जहाजावर काय काम करू?"

मी मोबाइल काढला. "तिथं दुसरा कोणी तरी असेल," मी म्हणालो. "एवढ्या मोठ्या समुद्राला एकच देव कसा पुरेल?"

एकच नव्हता. गिऱ्हाईक नसताना मी दुकानात वाचत बसलो, आणि गिऱ्हाईक आलं तरी वाचत बसलो. एकानं तणनाशक मागितलं, त्याला मी टॉनिक दिलं; नशीब, उलटं झालं नाही. मी पुस्तकी कौतुकानं भारून जाणारा माणूस नाही. पण त्या दिवसांत भारून गेलो.

त्या लोकांच्या सुरुवातीच्या कल्पनेत समुद्र असा नव्हताच. सगळ्या पृथ्वीला वेढून वाहणारी एक थोरली नदी होती, ओशिअनस नावाची. ती नदीच देव. जगातल्या सगळ्या नद्या, झरे, विहिरी त्याचीच लेकरं. मी दुकानाबाहेर बघितलं. समोरून उसाची ट्रॉली चालली होती आणि तिच्या पलीकडं पाट वाहत होता. आपल्याकडचं पाणी कुठं जातं हे मला शाळेपासून माहीत आहे: नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. नकाशात निळ्या रेघेनं दाखवलेलं. पण तो पाट कुणाचं तरी नातवंड आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी बराच वेळ त्या गढूळ पाण्याकडं बघत उभा राहिलो. शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं, "काय पडलं का आत?"

नंतर मला नीरियस सापडला. समुद्राचा म्हातारा, कधी खोटं न बोलणारा. त्याला पन्नास मुली, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे पाण्याची एक तऱ्हा. निवांत पडलेल्या पाण्याची एक, गॅलेनी. धावत्या लाटेची दुसरी. किनाऱ्याच्या वाळूची आणखी एक. मला आजोबा आठवले. त्यांना सगळा कळप सारखा दिसायचाच नाही. कानावरून, तोंडाच्या रंगावरून, चालीवरून प्रत्येकीला वेगळं नाव. ज्या माणसांनी समुद्राला पन्नास नावं दिली, त्यांनी समुद्राकडं किती दिवस आणि किती भीतीनं बघितलं असेल? मी तर आयुष्यात समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला, आणि तेव्हाही माझं लक्ष चपला वाहून जाऊ नयेत इकडं होतं.

दुसरी बैठक मी उसाच्या बांधावर घेतली. वहिनी आणि थोरला तिथं वैरण कापत होते, म्हणजे वहिनीला कपबशा घेऊन उठायची सोय नव्हती. पुतणी भारे बांधत होती. मी आधी प्रोटिअस काढला, कारण तो हमखास चालणार होता.

"समुद्राच्या देवाचा एक धनगर आहे," मी म्हणालो.

थोरल्याचा विळा थांबला. "समुद्रात? काय राखतो त्यो?"

"सील. आपल्या कुत्र्यासारखं तोंड, अंगानं माशासारखं, असं जनावर. समुद्रात हिंडतं, उन्हाला किनाऱ्यावर येऊन पडतं. हा म्हातारा दुपारी सगळी मोजतो आणि त्यांच्याच मधोमध झोपतो."

"मोजल्याबिगर झोपत न्हाई म्हंजे खरा हाय," थोरला म्हणाला. "आन् लोकर?"

"लोकर नाही."

"मग कशाला राखतो रं? दूध?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिणारा धनगर नसंल."

वहिनी हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा. मी म्हणालो, या म्हाताऱ्याला सगळं भविष्य माहीत असतं, पण तो सांगत नाही. त्याला धरला की सिंह होतो, साप होतो, झाड होतो, हातातून पाणी होऊन निसटायला बघतो. जो घाबरून सोडत नाही, त्यालाच तो शेवटी खरं सांगतो.

"भंडारा याच्यापुढं टाकायचा का?" पुतणीनं आशेनं विचारलं.

वहिनीनं विचार केला. "ह्यो आपल्या जनावरांचा. परक्याच्या पोरीकडं कशाला बघंल? आन् काका, तिथली माणसं ह्यास्नी अजून मानत्यात का?"

मला ती पोरांच्या नात्यानं काका म्हणू लागली की राग उतरला, असं समजावं. पण उत्तर पुतणीनंच दिलं. "नाही आई. तिथं आता चर्च आहेत. हे देव कुणी मानत नाही. म्हणून म्हणते, एवढं मनावर घेऊ नको."

"मानसांनी सोडलं म्हणून देव शीव सोडून जातो व्हय? गाव उठून ओसाड पडलं तरी म्हसोबा तिथंच असतोय. उलट त्येला बोलायला कोण नसतंय."

यावर मी बोललो नाही, ही गोष्ट थोरल्यानं नंतर चार लोकांत सांगितली.

मग मी नीरियसच्या मुली सांगायला घेतल्या. पन्नास बहिणी, पाण्यातच घर, पाण्यातच नाचणं, जहाजांसोबत पोहणं. मला वाटलं होतं वहिनी खूश होईल. ती विळा खाली ठेवून उभी राहिली.

"या माझ्यासंगं," ती म्हणाली.

बांधाच्या टोकाला आमची जुनी विहीर आहे. आता मोटार बोअरवर चालते, विहिरीवर फक्त पारवे असतात. तिच्या काठाला शेंदराचे सात दगड आहेत, एका रांगेत. सात आसरा. पाण्यातल्या बाया. आमच्याकडं प्रत्येक जुन्या विहिरीवर त्या असतात. बायका त्यांची ओटी भरतात, हिरव्या बांगड्या वाहतात, आणि ओटी भरून झाली की मागं न बघता घरी येतात.

"ह्याच त्या," वहिनी म्हणाली. "आपल्या सात, त्यांच्या पन्नास. समुद्राला तेवढ्या लागणारच. पन भावजी, आसरा पोरी नेत्यात."

आणि मग आसरांकडं बघत तिनं जे सांगितलं, ते आम्ही इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. वहिनीला एक थोरली बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच आम्हाला माहीत. वहिनीचं माहेर आटपाडीकडं. आता तिकडं पाणी खेळतंय, पण वहिनी लहान असताना उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला डबकं उरायचं. आई-बाप मेंढरांमागं. घरात आजी आणि या दोघी. थोरलीच धाकटीला कडेवर घेऊन हिंडायची, न्हाऊ घालायची, भरवायची. एका दुपारी कळशी घेऊन ती विहिरीच्या पायऱ्या उतरली आणि पाय घसरला.

"प्यायला पानी न्हवतं. बुडायला तेवढं हुतं," वहिनी म्हणाली. "मी वर काठाला बसलेली. गाव म्हनलं, आसरांनी हाक मारली. तवापासनं घरात तिचं नाव कुणी घेतलं न्हाई. नाव घेतलं की आसरांना ऐकू जातं, मग त्या दुसरीला न्यायला येत्यात."

पुतणीच्या हातातला वैरणीचा भारा तिथंच राहिला. तिनं आईच्या जवळ जाऊन नुसता तिच्या पदराला हात लावला. थोरला दुसरीकडं बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यालाही हे माहीत नव्हतं, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

मला एकदम कळलं की गेले काही दिवस मी गोष्टी सांगत होतो आणि वहिनी मात्र एका विहिरीच्या काठावर बसलेली होती.

त्यानंतर गोष्ट सांगायची माझी हिंमतच होईना. तरी वाचणं सुटेना. मला तो राजा मधेच सोडल्यासारखा वाटत होता, फुटक्या तराफ्यावर, लाटेखाली. पुढं तो घरी पोचतो हे मला आठवत होतं, पण त्याला वाचवलं कुणी, ते नीटसं आठवत नव्हतं. ते शोधलं. मी दुकानाचं शटर दिवसाढवळ्या खाली ओढलं आणि पोत्यावर बसून ते परत वाचलं.

सांगू का नको, हे ठरेना. मी थोरल्याकडं गेलो. तो गोठ्यात होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हशीची पाठ थोपटत राहिला.

"बाई बुडती ना त्यात?"

"बुडते."

"मग?"

"मग बुडलेली राहत नाही."

"सांग," तो म्हणाला. "पर या वेळी पाट फोडू नको. जेवढं हाय तेवढंच सोड."

वहिनी चुलीपुढं होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. पुतणी उंबऱ्यात बसली. मी पाट ओढून घेतला आणि हळू आवाजात सांगायला लागलो. माझा आवाज हळू असू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

"वहिनी, त्या समुद्रात एक बाई आहे. ती आधी देव नव्हती. माणूस होती. इनो तिचं नाव."

तवा तापत होता. वहिनीनं भाकरी तव्यावर टाकली.

"तिला एक बहीण होती. ती बहीण वीज पडून जळाली, पोटात पोर असताना. पोर जगलं. आई नसलेलं ते पोर या इनोनं घेतलं आणि स्वतःच्या लेकरांबरोबर वाढवलं. ते पोर थोरल्या देवाचं, म्हणून त्याच्या बायकोचा इनोवर कोप झाला. तिनं इनोच्या नवऱ्याला वेड लावलं. तो पोरांच्या मागं धावला. इनोनं धाकट्याला कडेवर घेतलं आणि कड्यावरून समुद्रात उडी टाकली."

"कडेवर पोर घेऊन?"

"कडेवर घेऊन."

भाकरीचा एक काठ काळा पडायला लागला. पुतणीनं पुढं होऊन ती उलटली.

"समुद्रानं तिला मारलं नाही. तिला आपल्यात घेतलं. तिचं नाव बदललं, ल्युकोथिया, म्हणजे गोरी-पांढरी देवी. आणि तो राजा, परवा तुम्ही उठून गेलात तेव्हा मी लाटेखाली टाकलेला, त्याला तिनंच वाचवलं. डूख धरणाऱ्या देवाच्या समुद्रातच. पाणपाखरू होऊन ती त्याच्या तराफ्यावर येऊन बसली. आपल्या डोक्यावरचं वस्त्र काढून त्याला दिलं. म्हणाली, हे छातीशी बांध, तराफा सोड आणि पोहत जा. पाय जमिनीला लागले की माझं वस्त्र समुद्रात सोड. सोडताना तोंड फिरव, मागं बघू नकोस."

वहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मागं बघायचं न्हाई म्हनली?"

"असंच म्हणाली."

तिच्या मनात काय चाललं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात ते चाललं होतं. कुठला तो समुद्र, कुठली आमची विहीर. मधे डोंगर, वाळवंट, किती तरी भाषा. आणि पाण्यातल्या बाईचं देणं देताना मागं बघायचं नाही, हे दोन्हीकडच्या माणसांना आपापलं उमगलेलं.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "रोमला या देवीला माता म्हणत. तिचं देऊळ होतं, सण होता. त्या दिवशी बायका तिच्यापुढं मागणं मागायच्या, पण आपल्या लेकरांसाठी नाही. बहिणीच्या लेकरांसाठी. भाचरांना कडेवर घेऊन यायच्या. कारण ही देवी बहिणीचं पोर सांभाळणारी."

चुलीतलं लाकूड फुटलं. वहिनी म्हणाली, "मावशी."

बस. तेवढंच म्हणाली. तिनं राहिलेल्या भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं, आणि जेवणं झाल्यावर फळीवरचे चटण्यांचे डबे काढून लेकीच्या बॅगेत भरले. पेटीतून आमच्या आईचं जुनं मऊ पांढरं नऊवारी काढलं. त्याची एक पट्टी फाडली आणि पुतणीच्या हातात दिली.

"कमरंला बांध. आलीस की परत द्यायची."

"आई, जहाजावरून कापडाचा तुकडासुद्धा टाकायचा नसतो. नोकरी जाईल माझी."

"टाक कोन म्हनलं? घरी आल्यावर हितं विहिरीत सोडू. पानी काय येगळं हाय व्हय?"

"लाइफ जॅकेट असतंय गं तिथं," थोरला म्हणाला.

"असू दे. ते कंपनीचं. हे मावशीचं."

निघायच्या सकाळी मी वहिनीला नाव पाठ करून घ्यायला लवकर गेलो. ल्यु-को-थि-या. ती अंगण झाडता झाडता ऐकत होती. अवघड गेलं तर इनो म्हणा, मी म्हणालो, तेही चालतं. तिनं मान हलवली. माझं मलाच समाधान वाटलं. एवढ्या थोरल्या समुद्राचा पत्ता शेवटी मी काढून दिला होता, आणि शिवेवर तो माझ्यादेखत बोलला जाणार होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गाडी लिंबाखाली थांबली. ऊन नुकतं चढत होतं. पुतणी उतरून दगडापुढं उभी राहिली, पांढरी पट्टी कमरेला. वहिनीनं कागदाची पुडी सोडली आणि भंडारा चिमटीत धरला. आम्ही सगळे नाव ऐकायला थांबलो.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, विसरली. मी ओठ हलवून "ल्यु" असं दाखवलं. तिचं लक्ष नव्हतं. ती दगडाकडं बघत नव्हती, रस्ता जिकडं उतरत जातो तिकडं बघत होती.

मग ती म्हणाली, "आक्का." आणि त्यापुढं एक नाव घेतलं. साधं, आपल्याकडचं, पोरींना ठेवतात तसलं. आमच्यापैकी कुणीही ते आधी ऐकलेलं नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही. थोरल्यानं डोक्यावरची टोपी काढली. पुतणीनं कपाळ पुढं केलं.

"आक्का, माझी पोरगी तुझ्या शिवेत येती. तुझीच हाय. ध्यान ठिव."

भंडारा कपाळाला लागला, थोडा भुवयांवर सांडला. पुतणी आईच्या पाया पडली, बापाच्या पडली, माझ्याही पडली, आणि गाडीत बसली. मी आशीर्वाद द्यायचा विसरलो. 

गाडी वळणाआड गेल्यावरही वहिनी तिथंच उभी होती. रिकामी पुडी मुठीत. मी म्हणालो, "चला, वहिनी." तिनं हातानं मला थांब म्हणून खुणावलं, आणि पुन्हा एकदा ते नाव घेतलं, या वेळी मोठ्यानं, लांब गेलेल्या माणसाला हाक मारावी तसं.